मुखपृष्ठावरील अभिनेत्री : ‘व्होग’च्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

फॅशनविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर अभिनेत्रीचे छायाचित्र असणे आज इतके स्वाभाविक वाटते की, या प्रथेलाही इतिहास आहे याचे विस्मरण होते. भारतात ही प्रथा अमेरिकेचे अनुकरण म्हणून आली, असे बहुधा गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे.

न्यूयॉर्क येथे १८९२ मध्ये सुरू झालेल्या ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर प्रारंभीची अनेक दशके चित्रकारांचे वर्चस्व होते. जुलै १९३२ च्या अंकावर एडवर्ड स्टायकेन यांचे रंगीत छायाचित्र आले आणि पुढे चित्राची जागा क्रमाक्रमाने छायाचित्राने घेतली. वस्त्राला देह पुरविणे हे त्यातील मॉडेलचे मुख्य काम होते. तिचे नाव वाचकाला ठाऊक असलेच पाहिजे, असे नव्हते.

ॲना विंटूर यांनी संपादकपद स्वीकारल्यानंतरच्या पहिल्या, नोव्हेंबर १९८८ च्या अंकावरही मिकाएला बर्कू ही मॉडेलच होती. परंतु मे १९८९ मध्ये गायिका मॅडोना मुखपृष्ठावर आली. जानेवारी १९९० च्या ब्रिटिश ‘व्होग’ने पाच मॉडेल एकत्र छापून त्यांनाच तारकापद बहाल केले. यातील विरोधाभास लक्षणीय आहे. मुखपृष्ठ नावावर खपते हे एकदा मान्य झाल्यावर, ज्यांचे नाव अधिक मोठे त्यांचाच त्यावर हक्क ठरणार होता. १९९४ मध्ये तारकांचीच वेशभूषा केंद्रस्थानी ठेवणारे ‘इनस्टाइल’ निघाले. ऑक्टोबर १९९८ मध्ये ओप्रा विन्फ्री, तर डिसेंबरमध्ये हिलरी क्लिंटन ‘व्होग’वर झळकल्या. सप्टेंबर २००४ मध्ये मॉडेल परतल्या, पण एकदम नऊजणी! एकट्या मॉडेलवर अंक सोपविण्याचा विश्वास तोपर्यंत ओसरला असावा.

या बदलात वस्त्राचे स्थान दुय्यम झाले, हे नमूद केले पाहिजे. अभिनेत्री रिकाम्या हाताने येत नाही. तिच्यासोबत चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख, प्रसिद्धी-प्रतिनिधी आणि जपावयाची प्रतिमा येते. सप्टेंबर २००७ च्या अंकाच्या निर्मितीवरील ‘द सप्टेंबर इश्यू’ (२००९) या माहितीपटात मुखपृष्ठावरील अभिनेत्री सिएना मिलर हिच्या केसांवरून चाललेली चर्चा पाहण्याजोगी आहे. पोशाखाइतकीच व्यक्तीचीही जुळवाजुळव तेथे करावी लागते.

याच सुमारास, ऑक्टोबर २००७ मध्ये, ‘व्होग इंडिया’चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियन मॉडेल गेमा वॉर्ड हिच्यासोबत त्यावर बिपाशा बसू आणि प्रियांका चोप्रा होत्या. वरवर पाहता हे विंटूर यांच्याच धोरणाचे भारतीय रूप वाटते. तथापि, येथे मॉडेलला पदच्युत करण्याची वेळच आली नव्हती. धारवाडला जन्मलेल्या, मराठी रंगभूमीवरून चित्रपटात गेलेल्या लीला चिटणीस १९४१ मध्येच ‘लक्स’ साबणाच्या जाहिरातीत झळकल्या होत्या. वस्तूला चेहरा हवा, तर तो पडद्यावरचा, हे समीकरण आपल्या बाजारपेठेने स्वातंत्र्यापूर्वीच मांडले होते. उलट येथे मॉडेलिंग आणि सौंदर्यस्पर्धा याच चित्रपटाकडे जाण्याच्या पायऱ्या ठरल्या. ‘व्होग इंडिया’च्या त्या मुखपृष्ठावरील बिपाशा बसू १९९६ मध्ये मॉडेलिंगची स्पर्धा जिंकून, तर प्रियांका चोप्रा २००० च्या ‘मिस वर्ल्ड’ किताबानंतर अभिनयाकडे वळलेली होती.