परिवहन-प्रकल्पांचा अग्रक्रम

एखाद्या प्रदेशातून रस्ते, पूल, लोहमार्ग व बससेवा यांसाठी येणारी मागणी उपलब्ध निधीच्या मानाने सदैव मोठी असल्यामुळे, कोणत्या कामाला आधी पैसा द्यावयाचा आणि कोणते पुढील वर्षांवर टाकावयाचे, याचा निर्णय करण्याची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नागरी प्रदेशांत ही जबाबदारी कायद्याने महानगर नियोजन मंडळांवर सोपविलेली आहे. अशी चारशेहून अधिक मंडळे तेथे असून त्यांत बहुधा महापौर, काउंट्यांचे निर्वाचित प्रतिनिधी व राज्याच्या परिवहन खात्याचे अधिकारी बसतात. अभियंते व नियोजनकार यांची तांत्रिक समिती त्यांच्या दिमतीला असते.

या मंडळांचे मूळ १९६२ च्या मध्यवर्ती महामार्ग-साहाय्य कायद्यात आहे. ५०,००० हून अधिक वस्तीच्या नागरी क्षेत्रात अखंड, सर्वंकष व परस्परसहकाराने चाललेल्या नियोजनाचा आधार असल्याखेरीज, १ जुलै १९६५ नंतर तेथील महामार्गाच्या कामास मध्यवर्ती सरकारची मंजुरी मिळू नये, अशी अट त्यात घालण्यात आली. तथापि अग्रक्रमाच्या प्रश्नाला खरी धार आली ती १९९१ च्या कायद्याने. तोवर मंडळांच्या योजना म्हणजे पुष्कळदा मनोरथांच्या लांबलचक याद्या असत. खर्चाची बेरीज अपेक्षित उत्पन्नाच्या मर्यादेत बसविण्याचे बंधन या कायद्याने घातले, आणि एक काम यादीत घ्यावयाचे तर दुसरे मागे सारणे भाग पडू लागले. मंडळाला निदान २० वर्षांचा दीर्घकालीन आराखडा करावा लागतो व त्यातून निवडलेल्या कामांचा कार्यक्रम आखावा लागतो, जो सध्या चार वर्षांचा असतो. या कार्यक्रमात नमूद नसलेल्या कामाला मध्यवर्ती खजिन्यातून सामान्यतः काही मिळत नाही.

निवडीसाठी बहुतेक ठिकाणी गुणांकन वापरतात. व्हर्जिनिया राज्याने २०१४ च्या कायद्यान्वये सुरू केलेली पद्धती या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे अंतिम निर्णय राज्याच्या मंडळाचा असला, तरी प्रादेशिक मंडळे व स्थानिक संस्था अर्ज करतात, आणि प्रत्येक कामाचे मोल वाहतुकीची कोंडी, सुरक्षितता, सुगमता, पर्यावरण, आर्थिक विकास व भूमिवापर या कसोट्यांवर केले जाते. कसोट्यांचे वजन सर्वत्र सारखे नसते: वॉशिंग्टनलगतच्या दाट वस्तीच्या उत्तर भागात कोंडीला सर्वाधिक वजन द्यावे असे कायदाच सांगतो, ग्रामीण भागात तिला तेवढे महत्त्व नाही. मिळालेल्या गुणांना मागितलेल्या रकमेने भागून क्रम लावतात. त्यामुळे जी स्थानिक संस्था स्वतःच्या पदरचा पैसा घालून आपली मागणी कमी करते, तिचे काम आपोआप वर चढते, आणि गणिताच्या या निर्विकार भागाकारातून सधन परगण्यांना एक प्रकारची सवलतच मिळते. इतरत्रही मध्यवर्ती साहाय्य सामान्यतः खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंतच असल्याने, उरलेला हिस्सा उभा करू न शकणाऱ्या गावाचा अर्ज कितीही गुणवान असला तरी दप्तरातच राहतो.

निधीला स्वतःची नावनिशी असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हवेची शुद्धता राखण्यासाठी दिलेला निधी एकेकट्याने मोटार हाकणाऱ्यांसाठी रस्ता रुंद करण्याकडे वळविता येत नाही. शिवाय गुणांकन कितीही शास्त्रीय दिसले, तरी कसोट्या व त्यांची वजने ठरविणारे सभासद आपापल्या मतदारसंघांना उत्तरदायी असतात, आणि प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडावे ही देवघेव ठरावापूर्वी बहुधा होऊन गेलेली असते.

अशी मंडळे स्वतः सहसा रस्ते बांधीत नाहीत. याउलट १९७५ साली स्थापन झालेले मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण योजनाही करते, बांधकामही करविते, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देऊन पैसाही उभा करते; त्यामुळे तेथे अग्रक्रम लावणारा व तिजोरीची किल्ली बाळगणारा पुष्कळ अंशी एकच ठरतो.

अमेरिकन मंडळांच्या हाती किल्ली नसल्याने त्यांच्यावरील अंकुश बाहेरून येतो. प्रदूषित हवेच्या प्रदेशात त्यांच्या योजना वायुशुद्धीच्या राज्यनिहाय आराखड्याशी सुसंगत असाव्या लागतात. अटलांटा येथे १९९८ मध्ये ही सुसंगती सिद्ध न झाल्यामुळे नव्या रस्त्यांचा मध्यवर्ती निधी अडकला, आणि पुढील वर्षी जॉर्जिया राज्याने त्या प्रदेशाच्या परिवहनासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले.