गाडी दीड-दोन इंच उचलली, आता टायर कोणत्या मापाचा? बोलेरो, स्कॉर्पिओ, थारवाल्यांनी आधी हे वाचा

सातारा/सांगली : पाणंद रस्त्याला ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधोमध गवताचा उंचवटा. ऊसतोड सुरू झाली की त्याच चाकोऱ्या वीतभर खोल जातात. मग बोलेरो असो नाहीतर स्कॉर्पिओ, वस्तीवर जाताना मधला भाग खालून खरडतो. पाटण, जावळीच्या डोंगरी वाड्यांवर दगड लागतो, वाळवा, पलूसच्या मळीच्या रानात चिखल लागतो. त्यामुळं गाडी दीड-दोन इंच उचलून घेणारे गावोगाव दिसतात. कुणी पुढं स्प्रिंगवर स्पेसर बसवतं, कुणी मागं एक पाटा वाढवतं. गाडी उचलली की दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो, आता टायर मोठे टाकायचे का, आणि टाकायचे तर किती मोठे?

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर टायरच्या दुकानात उभ्या उभ्या दिलं जातं. दुकानात जो माल पडून असतो तोच "बसतोय की" म्हणून चढवला जातो. बसणं आणि चालणं यात फरक आहे. तो फरक कळतो तो घाटात, गाडी माणसांनी भरलेली असताना.

उचललेली उंची कुठं जाते?

स्पेसर टाकला, पाटा वाढवला की वर जाते ती बॉडी आणि चेसी. मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला गोळा, म्हणजे गॅरेजवाले ज्याला क्राऊनचं हौसिंग म्हणतात तो, होता तिथंच राहतो. बोलेरोला मागं सरळ ॲक्सल आणि पाटे आहेत. तिथं चाकोरीतला उंचवटा पहिल्यांदा त्या गोळ्यालाच लागतो. त्याची उंची वाढवायला एकच गोष्ट कामाची, ती म्हणजे टायरचा व्यास. आणि त्यातही निम्माच फायदा मिळतो. टायर ३० मिलिमीटरनं मोठा झाला तर ॲक्सल १५ मिलिमीटर वर येतो, कारण उरलेली वाढ ॲक्सलच्या वरच्या बाजूला जाते.

म्हणजे दोन इंच उचललेली गाडीसुद्धा जुन्या टायरवर पाणंदीत पूर्वीसारखीच खरडू शकते. उचलल्यामुळं मडगार्डात मोठ्या टायरला जागा होते आणि पुढचा बंपर, पायदान मोकळं होतं. हे आधी ध्यानात घेतलं तर अर्धा खर्च वाचतो. काही जणांना तर गाडी न उचलता नुसता एक माप मोठा टायर पुरला असता.

टायरवरचा आकडा कसा वाचायचा

बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास, इंचात. एक इंच २५.४ मिलिमीटर धरायचा.

आता हिशोब. २१५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. भिंत वरही येते आणि खालीही, म्हणून दुप्पट ३२२.५. त्यात डिस्कचे १५ इंच म्हणजे ३८१ मिळवले की टायरचा पूर्ण व्यास ७०३.५ मिलिमीटर. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं, दुकानात जाण्याआधी घरीच करून न्यावं.

बोलेरोवाल्यांना सगळ्यात जास्त सुचवला जाणारा मोठा टायर म्हणजे २३५/७५ आर १५. त्याचा व्यास येतो ७३३.५. वाढ ३० मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार टक्के. ॲक्सल १५ मिलिमीटर वर. रुंदी २० मिलिमीटरनं वाढली, म्हणजे आतल्या बाजूला १० आणि बाहेर १०.

सव्वाचार टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा जास्त, ८३ च्या वर पळत असते. प्रत्यक्षात हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं मीटर ९६० च्या आसपास वाढतं, म्हणून ॲव्हरेज पडल्यासारखं दिसतं. थोडं खरोखरच पडतंही, कारण टायर जड झालेला असतो. शिवाय प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. पसरणी घाटात किंवा कुंभार्लीत भरलेली गाडी जिथं तिसऱ्यावर चढायची तिथं दुसरा टाकावा लागतो. क्लचवर जादा भार येतो तो असा.

साधारण नियम असा धरतात की व्यास तीन टक्क्यांच्या आत वाढला तर गाडीला फारसा फरक पडत नाही. तीन ते पाच टक्के म्हणजे घासतंय का ते बघून, ब्रेक तपासून, विचार करून घ्यायचा निर्णय. पाचच्या वर गेलं की दीड-दोन इंच उचललेल्या घरच्या गाडीचं ते काम नाही.

आपल्याकडच्या इतर गाड्यांचा हिशोबही याच रीतीनं लागतो. स्कॉर्पिओ क्लासिकला २३५/६५ आर १७ येतो, व्यास ७३७. त्यावर २४५/६५ आर १७ टाकला तर पावणेदोन टक्के वाढ, अगदी सोयीची. २५५/६५ आर १७ ला साडेतीन टक्के. पण हौसेनं टाकला जाणारा २६५/६५ आर १७ सव्वापाच टक्क्यांवर जातो. २०२० नंतरच्या थारला प्रकारानुसार २४५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८ असे कंपनीचेच टायर आले. दोन्हींच्या व्यासात दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक आहे. १६ च्या डिस्कवर २६५/७५ टाकला तर वाढ चार टक्क्यांच्या जवळ. जिम्नीचा १९५/८० आर १५ बारीक दिसतो म्हणून लोक २१५/७५ आर १५, म्हणजे बोलेरोचंच माप टाकतात. ती वाढ फक्त दीड टक्का आहे आणि हे माप तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. रात्री-अपरात्री टायर फाटला तर ही गोष्ट छोटी नाही.

डिस्कची रुंदीही बघावी. डिस्कवर ६जे, ६.५जे असा शिक्का असतो, तो आकडा इंचात. २३५/७५ आर १५ ला निदान ६ इंची डिस्क लागते. अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवला तर तो मधून फुगतो, वळणावर डोलतो आणि मधोमध झिजतो. टायर आत घासतो म्हणून डिस्कच्या मागं चकती टाकून चाक बाहेर काढणं हा उपाय नव्हे. बेअरिंगवर ताण येतो आणि चिखल सगळा काचेवर.

घासतंय का, हे दुकानात कळत नाही

दुकानात गाडी रिकामी आणि सपाट फरशीवर असते. खरी परीक्षा घरी घ्यावी. मडगार्डच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या कडेला आणि पुढच्या चाकामागं चेसीजवळ ओला चुना लावायचा. गाडीत माणसं बसवायची, दुधाचे भरलेले कॅन ठेवायचे, म्हणजे रोजचा भार झाला पाहिजे. मग पुढचं एक चाक बांधाच्या उतारावर चढवून स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवायचं, पुढं-मागं घ्यायचं. रिव्हर्समध्येही बघायचं, बऱ्याचदा तिथंच घासतं. चुना जिथं पुसला तिथं टायर लागतोय. दबलेल्या बाजूला टायर आणि पत्रा यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे. ब्रेकच्या पाइपला टायर लागत असेल तर तो टायर त्याच दिवशी उतरवावा, त्यात तडजोड नाही.

ब्रेक आणि लाईट

मोठा, जड टायर थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो आणि उचललेली गाडी वळणावर जास्त झुकते. यवतेश्वर किंवा आंबेनळी उतरताना हे दोन्ही एकदम अंगावर येतं. काही युटिलिटी गाड्यांमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली आहे यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. मागं पाटा वाढवला की गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. गाडी भरलेली, ब्रेक रिकाम्या गाडीचे. पाटा वाढवणाऱ्या मिस्त्रीला हा व्हॉल्व्ह सेट केला का, एवढं तरी विचारावं. चाक खाली लोंबकळत असताना ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात का तेही बघावं.

हेडलाईटचंही तसंच. पुढून गाडी उचलली की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लाईट खाली करून घ्यायला फार वेळ लागत नाही, पण करतं कोण!

काळी माती, मुरूम आणि डांबर

मापाइतकीच महत्त्वाची टायरची नक्षी. एचटी म्हणजे रस्त्याचा, एटी म्हणजे मिश्र, एमटी म्हणजे चिखलाचा मोठ्या गुट्ट्यांचा टायर. जत, आटपाडी, माण, खटावचा मुरूम आणि खडी असेल तर एटी पुरेसा आहे, त्याची बाजूची भिंत मजबूत असलेली घ्यावी. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात रोज ओल्या डांबरावरून जाणाऱ्यानं एमटीचा नाद करू नये. मोठ्या गुट्ट्यांचा रस्त्याला टेकणारा भाग कमी, त्यामुळं ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, आवाज वेगळाच.

कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या मातीचं गणित निराळं. ती माती एटीच्या बारीक खाचांत भरते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो. एमटी ती माती फेकतो. वरचा थर ओला आणि खाली कडक असेल तर अरुंद टायर तळ धरतो आणि बरा चालतो. रुंद टायर वरच घसरत राहतो. मात्र दोन दिवस पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात कुठलाच टायर टिकत नाही. तिथं गाडी डांबरीवर लावून चालत जाणं बरं, ट्रॅक्टरनं ओढून काढण्यात बंपर जातो.

हवा आधी दरवाजाच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणं भरावी. नंतर टायरवर खडूची आडवी रेघ मारून सरळ रस्त्यावर थोडं जावं. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. चिखलासाठी हवा कमी केली असेल तर डांबरीवर येताच भरून घ्यावी, नाहीतर टायर तापून फुटतो.

घेताना काय बघायचं

मापानंतर ९७ एस, १०५ एस असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा वजनाचा : ९७ म्हणजे एक टायर ७३० किलो पेलतो, १०० म्हणजे ८००, १०५ म्हणजे ९२५. अक्षर वेगाचं : एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. कंपनीनं दिलेल्यापेक्षा वजनाचा आकडा कमी असलेला टायर, माप कितीही आवडलं तरी, घेऊ नये. आयएसआय शिक्का हवाच. शेवटी चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२४. त्याचा अर्थ २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनवलेला. स्वस्तात मिळणारा मोठा टायर बऱ्याचदा दुकानात वर्षानुवर्षं पडलेला असतो. सेकंडहँड घेत असाल तर नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. खाचांच्या तळाला बारीक उंचवटे असतात, नक्षी तिथवर झिजली की टायर संपला.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टी बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२ अ नुसार बेकायदा फेरफाराला मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळं कंपनीनं त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेलं माप हाच त्यातल्या त्यात बिनधोक मार्ग. मडगार्डाबाहेर आलेला टायर आणि उंच केलेली गाडी लांबूनच दिसते. एमएच ११ असो, ५० असो की १०, काम करण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावं. विमा कंपनीलाही लेखी कळवावं. अपघातानंतर सर्व्हेअर आधी चाकं बघतो आणि न कळवलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो. यात गाडीचं नुकसान तर आहेच, पण समोरच्याला इजा झाली तर भरपाईचा बोजा जमिनीपर्यंत येतो.

स्टेपनी विसरू नका

चार टायर घेतले आणि पाचवा जुनाच ठेवला, असं सर्रास होतं. फोर बाय फोर गाडीत एक चाक लहान असेल आणि डांबरीवर फोर व्हील लावलं तर गिअरच्या भागांवर ताण येतो. एबीएस असलेल्या गाडीत चाकांचा वेग जुळत नाही. पाचवा त्याच मापाचा घ्यावा. मागच्या दरवाजावर स्टेपनी असेल तर जड टायरनं बिजागरी खाली बसते का तेही महिना-दोन महिन्यांनी बघावं.

टायर बदलल्यावर अलाइनमेंट लगेच करून घ्यावं, कारण गाडी उचलली की पुढच्या चाकांचा कोन बदललेला असतो. पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पान्यानं पुन्हा आवळावेत.