प्रस्तावना : न उतरलेल्या फाईलचा शोध

‘फाईल उतरूनच नाही राहिली!’ गुरुकुंज मोझरीत सातबारा काढायला आलेला शेतकरी असं म्हणतो आणि पाठोपाठ स्वतःलाच दोष देतो : आपल्याला मोबाईल कळत नाही. मला हे ऐकवत नाही. पुष्कळदा फाईल त्याच्यापर्यंत आलेली असते. तिचं काय करायचं हे ब्राउझरला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

सर्व्हर फाईलच्या आधी हेडरच्या काही ओळी पाठवतो. ‘कन्टेन्ट-टाइप’वरून फाईलचा प्रकार कळतो. ‘कन्टेन्ट-डिस्पोझिशन’वरून ती दाखवायची की जतन करायची, आणि कोणत्या नावानं, ते ठरतं. या ओळी मोघम असल्या की प्रत्येक ब्राउझर आपापला अंदाज बांधतो. नावात मोकळी जागा असून ते अवतरणचिन्हांत नसलं, तर फायरफॉक्स पहिल्या शब्दावरच नाव तोडत असे. आयफोनच्या सफारीत तर २०१९ साली आयओएस १३ येईपर्यंत डाउनलोडची यादीच नव्हती.

खरी गंमत देवनागरीत आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं मोझरीत आश्रम उभारला. त्यांच्या ‘ग्रामगीता’ या ग्रंथाचंच नाव एखाद्या फाईलला देऊन पाहा. शब्दात युनिकोडची ९ चिन्हं, यूटीएफ-८मध्ये त्यांचे २७ बाइट. हेडरमधून धडपणे जाण्यासाठी हे बाइट टक्क्याच्या चिन्हांनी लिहिले की झाली ८१ अक्षरं! त्यासाठी ‘फाईलनेम’पुढे तारका लावलेलं वेगळं रूप वापरतात, २०११च्या आरएफसी ६२६६मध्ये त्याचे नियम आहेत. तारका लावायची राहिली, की एखाद्या ब्राउझरमध्ये नाव शाबूत येतं आणि दुसऱ्यात अक्षरांचा नुसता चिखल. इंग्रजी नावांवर तपासलेली, निर्धोक वाटलेली वेबसाइट इथं हमखास अडखळते. म्हणून मराठी माणूस असे दोष शोधण्याच्या कामाला जन्मतःच चांगला परीक्षक आहे, असं मी मानतो.

एकच फाईल वेगवेगळ्या ब्राउझरांत वेगळी का वागते, या अभ्यासाला पदवी लागत नाही. सेतू केंद्रात बसणाऱ्या मुलामुलींनी तर तो जरूर करावा. ‘कॅशे साफ करा’ हा सल्ला मात्र सुरुवातीला बाजूला ठेवा. त्यानं कधी काम होतं, पण कारण हाती लागत नाही. कॉम्प्युटरवर डेव्हलपर टूल्समधला ‘नेटवर्क’ भाग उघडा, तीच फाईल दोन ब्राउझरांत मागवा आणि दोन्हीकडचे हेडर शेजारी शेजारी ठेवून वाचा. ते सारखे असले, तर आधी ब्राउझरांच्या वागण्यातला फरक शोधायचा. वेगळे असले, तर सर्व्हरकडे वळायचं. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.

गुरुकुंज मोझरी