रुमाल कधी सोडायचा? आर भाषेतल्या डेटासेटची गोष्ट

सणसवाडीत बोलायचं म्हटल्यावर मला आधी कारखान्यातलं स्टोअर आठवलं. लाइनवरचा माणूस अख्खं स्टोअर आपल्या टेबलावर मांडून घेत नाही. स्लिप देतो, लागेल तेवढा पार्ट आणतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातही हीच रीत. मोडी कागदांचे हजारो रुमाल कपाटात बांधलेले असतात. आपण यादी बघून एक मागवायचा आणि तेवढाच सोडायचा. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेही असेच रुमालामागून रुमाल सोडून.

आता संगणकाकडे येऊ. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' ही संख्याशास्त्राची भाषा सुरू केली. तिच्यात प्रत्येक वस्तू डिस्कवर वेगळ्या फाइलीत राहायची, लागली की वाचायची. म्हणजे रुमालच. पुढे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड विद्यापीठात, रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 'एस'सारखीच दिसणारी 'आर' लिहिली. पण आतली रचना त्यांनी वेगळी ठेवली : सगळ्या वस्तू थेट मेमरीत. वेगाला बरं, पण टेबल लहान असेल तर पंचाईत. सुरुवातीच्या काळात तर आर चालू करतानाच किती मेमरी हवी ते सांगावं लागे. २००० सालच्या अखेरीस १.२.० आवृत्ती आली, तेव्हा ती कटकट गेली.

डेटासेटचं काय? त्या काळात पॅकेज उघडलं तरी त्यातला डेटा आपोआप मिळत नसे. आधी data() ही आज्ञा द्यायची, मग तो मेमरीत यायचा. जुन्या पुस्तकांत पहिल्याच ओळीला ही आज्ञा दिसते ती म्हणून. मग ऑक्टोबर २००४ मध्ये आर २.०.० आलं. ब्रायन रिप्ली यांनी आर न्यूजमध्ये ही नवी सोय समजावून सांगितली आहे. सोय अशी, की पॅकेज तयार होतानाच डेटा दाबून एका फाइलीत भरतात, सोबत सूची ठेवतात. पॅकेज उघडलं की मेमरीत येते फक्त चिठ्ठी. तिला 'प्रॉमिस' म्हणतात. तुम्ही डेटासेटचं नाव पहिल्यांदा वापरलं की त्या क्षणी रुमाल सुटतो. याला आळशी लोडिंग म्हणतात. माझ्या मते हा आळस शहाणपणाचा आहे.

आणि इथेच घोटाळा होतो. सोय बदलली, सवय नाही बदलली. आजही शिकवताना लोक पॅकेज उघडतात आणि लगेच data() देतात. मीही कित्येक वर्षं हेच शिकवलं, कबूल करतो. होतं काय, की ती आज्ञा तुमच्या कामाच्या जागेत दुसरी चिठ्ठी ठेवते. आरस्टुडिओच्या उजव्या चौकटीत नावापुढे 'प्रॉमिस' दिसतं ना, ती हीच. तिथवर मेमरी जात नाही. पण एकदा कामाच्या जागेतला डेटा वापरला, आणि पुढे कुठेतरी पॅकेजचं नाव, दोन अपूर्णविराम आणि डेटासेटचं नाव असं लिहिलं, की तोच रुमाल दोनदा सुटला! दोन प्रती.

आकड्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या विमानांचा एक प्रसिद्ध डेटासेट आहे, २०१३ सालचा. ३,३६,७७६ ओळी, १९ स्तंभ, म्हणजे जवळजवळ ६४ लाख खाने. मेमरीत साधारण ४० एमबी. दोनदा आला तर ८०. हे चालून जाईल. पण एक कोटी ओळी आणि दशांश आकड्यांचे दहा स्तंभ घ्या. प्रत्येक आकड्याला ८ बाइट, म्हणजे ८०० एमबी. दोनदा आला तर दीड जीबीच्या वर. डिस्कवरची फाइल दाबलेली असते, त्यामुळे तिच्या आकारावर जाऊ नका.

दुसरी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. नुसतं दुसरं नाव दिल्याने प्रत होत नाही. बदल केला की होते. आणि पॅकेजच्या बाजूचा रुमाल एकदा सुटला की तो पॅकेज मेमरीतून उतरवेपर्यंत सुटलेलाच राहतो. तुम्ही rm() दिलं तरी जाते ती तुमची प्रत. म्हणून मोठा डेटा थोडा वेळच हवा असेल, तर उलट data() हीच बरी : ती वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आणा, काम करा, काढून टाका. जुनी आज्ञा पूर्ण निरुपयोगी झाली असं नाही.

मघाशी एका मुलाने विचारलं, "सर, माझा लॅपटॉप ४ जीबीचा आहे, कंपनीच्या क्वालिटीचा डेटा मोठा आहे, जमेल का?" जमेल. एकदा उघड, लागणारे तीन-चार स्तंभ वेगळे काढ, saveRDS() ने त्यांची छोटी फाइल कर आणि आर बंद कर. उद्या नव्या सत्रात फक्त ती छोटी फाइल उघड.