पाठलाग आणि पोलिसांची वही

एखादा इसम रोज मुलीच्या मागे येऊ लागला म्हणजे आपण काय करतो? तिची वाट बदलतो, नाहीतर शिकवणीच बंद करतो. चौकीवर जावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. याची कारणे बरीच जुनी आहेत.

१८६० च्या दंडसंहितेत पाठलाग हा निराळा गुन्हाच नव्हता. अंगावर हात टाकला तर ३५४ कलम, अचकट बोलला किंवा हावभाव केले तर ५०९. मुकाट्याने महिनोन्महिने मागे येणारा या दोहोंमधून निसटे. फौजदारांनी त्याला दम द्यावा, माफीचा कागद लिहून घ्यावा, की प्रकरण मिटले!

दिल्लीत कायदा शिकणाऱ्या एका मुलीने अशा कागदांचा अनुभव घेतला. १९९५ साली तिने अनेकदा तक्रार केली. त्या मुलाने यापुढे त्रास देणार नाही असे लिहूनही दिले. त्याचे वडील पोलीस खात्यातच मोठ्या हुद्द्यावर होते. मुलीला संरक्षणासाठी शिपाई मिळाला होता, तरी २३ जानेवारी १९९६ रोजी राहत्या घरी तिचा खून झाला. १९९९ मध्ये आरोपी सुटला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. वडिलांनी दहा वर्षे कशी काढली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ साली ३५४-ड हे कलम आले. बाईने नको म्हटल्यावरही मागे लागणे, संपर्क साधू पाहणे, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणे हा आता गुन्हा झाला. वटहुकुमात तो बिनजामिनी होता. संसदेत मात्र पहिल्या वेळेस जामीन मिळेल असा बदल झाला. आपल्यापैकी कोणी मुलींच्या मागे गेले नाही, असे एका ज्येष्ठ सभासदांनी तेव्हा भर लोकसभेत विचारले होते! पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद ठरली.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की पोलिसांनी ती नोंदवलीच पाहिजे. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणून 'एन.सी. लिहून घेतो, ताई' असे कोणी म्हटल्यास गप्प बसू नये. आमच्या ओळखीच्या एका घरी तर 'मुलीला चार दिवस मावशीकडे पाठवा' एवढाच सल्ला मिळाला होता.

१ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली. तीत हेच कलम ७८ झाले. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्याने घ्यावयाची असते. फिर्याद संगणकावरून पाठवली तरी चालते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

एक उणीव राहिलीच. फिर्याद न घेणाऱ्या पोलिसाला कैद सांगणारे कलम आहे, पण त्यातल्या गुन्ह्यांच्या यादीत पाठलाग २०१३ मध्येही नव्हता. नव्या संहितेच्या यादीत ७७ आहे, ७९ आहे, मधले ७८ तेवढे नाही.