कोणीही न मागितलेला सूड

टॉमस किडचे ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ आपल्याकडे बहुधा ‘हॅम्लेट’ची पूर्वतयारी म्हणून शिकवले जाते. भूत, वेड, नाटकातले नाटक, लांबत जाणारा सूड ही साम्यस्थळे सांगून होतात आणि १५९२ पूर्वीच लिहिल्या गेलेल्या या नाटकाचा पहिला प्रवेश ‘सेनेकाचा प्रभाव’ एवढ्या शेऱ्यावर आटोपतो. शेरा खोटा नाही. सेनेकाच्या ‘थायेस्टीज’चा जास्पर हेवुडने केलेला इंग्रजी अनुवाद १५६० मध्ये छापला गेला होता आणि त्याच्या आरंभीही एक भूत आहेच. परंतु तेथे टँटलसच्या भुताला बळेच कामाला जुंपावे लागते. किडचे भूत केवळ पाहायला बसते.

डॉन आंद्रेआ हा स्पॅनिश दरबारी पोर्तुगीजांशी झालेल्या लढाईत राजपुत्र बाल्थाझारच्या हातून मारला गेला आहे. मित्र होराशिओ अंत्यसंस्कार करीपर्यंत पाताळातला नावाडी त्याला पैलतीरी नेत नाही. पुढे तीन न्यायाधीशांपुढे पेच पडतो: याला प्रेमिकांच्या प्रदेशात धाडावे की योद्ध्यांच्या? निर्णय होत नाही, म्हणून प्रकरण प्लूटोकडे जाते. तेथे राणी प्रॉसर्पिनी हसते, निवाडा आपल्याकडे मागून घेते आणि ‘सूड’ नावाच्या मूर्तिमंत पात्राच्या कानात काही कुजबुजते. ती काय म्हणाली, हे प्रेक्षकाला ऐकू येत नाही.

या साऱ्या निवेदनात आंद्रेआने सूड मागितलेलाच नाही. प्रश्न होता मुक्कामाचा. उत्तर मिळाले बाल्थाझारच्या मरणाचे. शिवाय रणांगणातले मरण हा गुन्हा कसा? बाल्थाझारच्या भालाइतांनी आधी आंद्रेआचा घोडा पाडला, हा तपशील पुढे होराशिओच्या तोंडून कळतो. निकाल मात्र त्याआधीच लागलेला असतो.

या आरंभाचे महत्त्व हिएरोनिमोकडे पाहिल्यावर कळते. दरबाराच्या परिसरातील गुन्ह्यांचा न्याय करणे हेच त्याचे काम. आणि मुलाचा, म्हणजे त्याच होराशिओचा, खून झाल्यावर त्यालाच राजापर्यंत दाद पोहोचवता येत नाही. शिक्षेचा अधिकार राजसत्तेचा, खाजगी सूड निषिद्ध, असे मानणाऱ्या एलिझाबेथकालीन प्रेक्षकाला ही कोंडी परिचित असणार. देवांकडे आकाशाकडे पाहून तो न्याय मागतो, तेव्हा पाताळातली ती कुजबुज आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते.

आपला विद्यार्थी आंद्रेआला सहज सूत्रधार समजतो. पण सूत्रधार प्रस्तावना करून निघून जातो. आंद्रेआ शेवटपर्यंत बसून असतो, मित्र मेल्यावर तक्रार करतो आणि तिसऱ्या अंकाच्या अखेरीस झोपलेल्या सूडाला घाबऱ्याघाबऱ्या उठवतो. सूड झोपतो तो निष्काळजीपणाने नव्हे. निकाल ठरलेला असताना त्याने जागे राहावे तरी कशाला?

अखेरच्या प्रवेशात आंद्रेआ समाधानाने मृतांची नावे घेतो. आपल्या आत्म्याला सुखावणाऱ्या दृश्यांच्या त्या यादीत पहिले नाव होराशिओचे आहे, ज्याने त्याला मूठमाती दिली होती.