मोरीची दोरी आणि सहा फुटी पडदा

बाथरूमचा पडदा मागितला की दुकानदार बहुधा एकच माप पुढे करतो, सहा फूट बाय सहा फूट. हे माप आपल्या घरातलं नाही. अमेरिकेत तीन भिंतींत बसवलेला टब पाच फूट लांब असतो. त्याच्यापुढे चुण्या पडाव्यात आणि टोकांना फट राहू नये म्हणून पडदा 72 इंची झाला. मुंबईच्या माझगावात जुन्या चाळी पाडून उठलेल्या इमारतींमध्ये बाथरूम चार फूट रुंद मिळाली तरी घरधनी खूश असतो. राष्ट्रीय इमारत संहिता नुसत्या न्हाणीघराला किमान 1.8 चौरस मीटर आणि संडास-न्हाणी एकत्र असेल तर 2.8 चौरस मीटर जागा मागते. एवढ्यात कमोड, बेसिन, पिंप, बादली आणि हल्ली वॉशिंग मशीन. टबाला जागाच नाही, पण पडदा मात्र टबाच्या मापाचा.

म्हणून या पडद्याचं कूळ शोधायला गेलं तर एक नाही, दोन घराणी सापडतात.

विलायती घराणं शॉवरच्या मागोमाग आलं. लंडनच्या विल्यम फीथमने 1767 साली शॉवरचं पेटंट घेतलं. त्यात पाणी पंपाने वर चढवायचं, डोक्यावर ओतून घ्यायचं आणि तेच पुन्हा चढवायचं. असल्या पाण्याला आडोसा लागणारच. पुढे 1851 साली चार्ल्स डिकन्स टॅव्हिस्टॉक हाउसमध्ये राहायला गेला, तेव्हा त्याने गार पाण्याचा शॉवर हट्टाने बसवून घेतला. बांधकाम पाहणाऱ्या मेहुण्याशी, हेन्री ऑस्टिनशी, त्याचा पत्रव्यवहार चालला होता आणि त्याची मोठी काळजी अशी, की रोज सकाळी अंघोळ करताना शेजारचा शौचकूप नजरेस पडता कामा नये. माझगावच्या ताडवाडीतल्या आजच्या भाडेकरूचं गाऱ्हाणं यापेक्षा फार वेगळं नसतं.

त्या काळी पडदा म्हणजे जाड कापड, नाहीतर मेणकापड. ते भिजून जड व्हायचं, कुजायचं, तडकायचं. ही अडचण सुटली ती एका फसलेल्या प्रयोगातून. बी. एफ. गुडरिच या अमेरिकी रबर कंपनीत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. 1926 साली त्याच्या हाती आलं ते न चिकटणारं, पण वाकणारं आणि पाण्याला दाद न देणारं काहीतरी. मऊ केलेलं पीव्हीसी ते हेच. रेनकोट, तारांवरचं आवरण आणि बाथरूमचे पडदे ही त्याची लेकरं. नव्या पडद्याला पहिले काही दिवस जो उग्र वास येतो, तो बराचसा पीव्हीसी मऊ करायला घातलेल्या रसायनांचा.

आपलं घराणं गरीब, पण जुनं. 1896 साली मांडवीत प्लेग उघडकीला आला, दोन वर्षांत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि या ट्रस्टच्या, म्हणजे बीआयटीच्या, चाळी शहरभर उभ्या राहिल्या. ताडवाडीच्या चाळी त्यातल्याच. पुढे 1920 नंतर वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडीला बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडीच्या, चाळी आल्या, 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या. चाळीच्या खोलीत कोपऱ्यात मोरी असायची. दोन-तीन विटांचा कठडा, आत उतार, भिंतीला पाणी जायचं भोक. भांडी तिथेच, कपडे तिथेच, अंघोळही तिथेच. संडास बाहेर, गॅलरीच्या टोकाला. मोरीवर दोन खिळ्यांना दोरी बांधायची आणि तिच्यावर जुनं लुगडं टाकायचं. घरातले पुरुष तेवढा वेळ गॅलरीत पेपर वाचत उभे राहात.

या लुगड्याला पाणी अडवायचं कामच नव्हतं. पाणी कठडा अडवायचा, लुगडं फक्त नजर अडवायचं. विलायती न्हाणीतही हीच वाटणी होती. तिथे पाणी टब धरतो आणि पडदा टबाच्या आत सोडलेला असल्यामुळे ओघळ टबातच उतरतात. पुनर्विकासात संडास घरात आला, अंघोळीच्या शेजारी येऊन बसला. दाराला कडी मिळाली, त्यामुळे आडोशाची गरज संपली. मात्र कमोड, मशीन आणि पायपुसणं कोरडं ठेवायचं नवं काम पडद्याच्या गळ्यात पडलं. त्याच वेळी कठडा गेला आणि टब काही आला नाही. सपाट लादीवर एकट्या पडद्याने पाणी अडवायचं, ही अपेक्षाच चुकीची. पडदा कितीही भारी घ्या, पाणी त्याच्या खालून निघून जातं.

माझगावला पडद्याची आणखी एक वाट समुद्राकडून येते. इथे 1774 पासून जहाजांची गोदी आहे. माझगाव डॉक 1960 मध्ये सरकारी झाला आणि तिथे बांधलेली ‘नीलगिरी’ ही फ्रिगेट 1972 मध्ये नौदलात दाखल झाली. जहाजावरची न्हाणी म्हणजे उभ्याने अंग वळेल एवढी जागा. डोलत्या बोटीत दार आपटतं, पडदा आपटत नाही. पायाशी उंच उंबरा असतो, तो पाणी धरतो. इथल्या गोवेकरांच्या कूडांमध्ये, म्हणजे सामायिक वसतिघरांमध्ये, उतरणारे खलाशी वर्षानुवर्षं अशाच न्हाणीत अंघोळ करत आले. जवळच दारूखान्यात जुनी जहाजं तोडली जातात आणि त्यांतलं सामान विकायला बसतं. माझगावकराने हा पडदा मासिकातल्या चित्राआधी बोटीवर पाहिला असेल, तर मला नवल वाटणार नाही. छोट्या बाथरूमला धडा घ्यायचा तर हॉटेलकडून नको, बोटीकडून घ्यावा.

म्हणजे आधी उंबरा. दोन-अडीच इंच उंचीची ग्रॅनाइटची पट्टी लादीवर बसवून घ्यायची, उतार जाळीकडे आहे ना ते तांब्याभर पाणी ओतून बघायचं, मगच पडद्याचं दुकान. पडदा पट्टीच्या आत पडावा आणि लादीपासून इंचभर वर राहावा. लोळणारी किनार पावसाळ्यात आठवड्याभरात काळी पडते.

शॉवर सुरू केला की पडदा आत येऊन अंगाला चिकटतो. गरम हवा वर जाते म्हणून असं होतं, हे नेहमीचं उत्तर अपुरं आहे, कारण गार पाण्यातही तो चिकटतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेव्हिड श्मिटने संगणकावर हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की फवाऱ्यामुळे हवेत आडवा भोवरा तयार होतो आणि त्याच्या मध्याशी दाब कमी असल्याने पडदा आत ओढला जातो. या कामाला 2001 चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. मोठ्या बाथरूममध्ये माणूस बाजूला सरकतो, इथे सरकायला जागा नसते. म्हणून तळाला वजन शिवलेला पडदा घ्यावा.

अर्थात बादली-तांब्याच्या अंघोळीत हा भोवरा होत नाही. माझगावातल्या भंडारवाड्याच्या टेकडीवर 1880 च्या दशकातली पाण्याची टाकी आहे. पण टेकडीखालच्या घरांतही नळ ठरल्या वेळीच येतो. तेव्हा पिंप हवंच, आणि ते पडद्याच्या ओल्या बाजूला हवं. नाहीतर दर तांब्यागणिक पडदा सारावा लागतो. तांब्याचे शिंतोडे गुडघ्याखालीच जास्त उडतात, त्यामुळे आपल्याकडे पडद्याचा खालचा हात-दीड हात भाग खरा राबतो.

कापड पॉलिस्टरचं घ्यावं. ते मशीनमध्ये धुता येतं, लवकर वाळतं. रंग फिका, कारण काचेच्या पट्ट्यांच्या त्या एवढ्याशा खिडकीतून येणारा उजेड गडद पडदा गिळून टाकतो. मोठी फुलं, मासे, आयफेल टॉवर हे सगळं चार फुटांत अंगावर येतं. दांडी स्प्रिंगची नको, ओल्या टाइलवरून ती घसरते. स्क्रूने बसवलेली स्टेनलेसची घ्यावी, खाऱ्या हवेत साधं लोखंड वर्षभरात गंज धरतं. अंघोळ झाली की पडदा गोळा करून ठेवायचा नाही, पसरून ठेवायचा.

राहिलं माप. चार फुटांना चुण्यांसह सहा फूट पुरतात, तेव्हा रुंदीला हात लावायचा नाही. दांडी बुटकी असेल तर उंची मात्र कापावी लागते. ती वरून कापू नये, वर रिंगांची भोकं असतात. खालचं वजनही आधी उसवून घ्यावं, कापल्यावर नव्या किनारीत पुन्हा शिवता येतं. गल्लीतला शिंपी हे काम चहा थंड व्हायच्या आत करून देतो, आणि उरलेली पट्टी परत मागून घ्यावी, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर टाकायला ती बरोबर बसते.